फॉल्स्टाफ: दोनाचे अकरा होतात, पण हशा येत नाही

तिसरी_घंटा

शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या दोन्ही भागांतून फक्त सर जॉन फॉल्स्टाफचा, म्हणजे युवराज हॅलच्या लठ्ठ, थापाड्या सोबत्याचा, धागा उचलून पाऊण तासाचा मराठी प्रयोग बांधायचं चाललंय. सहा नट, एक टेबल, दोन बाकं, एक खुर्ची, बस्स. पहिला खर्डा उभा करून पाहिला, तर भलत्याच ठिकाणी लंगडतोय.

गुत्त्यातला प्रवेश (पहिला भाग, अंक २, प्रवेश ४) सगळ्यात हसवणारा, असं जो तो म्हणतो. फॉल्स्टाफ दरोड्याची थाप मारतो आणि त्याच्यावर तुटून पडलेल्यांची संख्या फुगत जाते. वाचताना हसू येतं, उभं केलं की नट पाढे म्हणतोय असं वाटतं. वेळ वाचवायला आधीचा दरोड्याचा प्रवेश गाळलाय आणि ती हकिगत हॅलचा मित्र पॉइन्स याच्या तोंडी दोन वाक्यांत घातली आहे. चूक तिथे आहे का?

बाकीच्या शंका: बकरम, केंडल ग्रीन, सॅक, मार्क हे शब्द ठेवू की सोपे करू? पोट नेमकं केवढं? आणि नटाचा एक प्रश्न आहे, त्याचं धड उत्तर सापडत नाहीये: हा माणूस भित्रा आहे की नाही? ते ठरलं की चालही ठरेल, असं त्याचं म्हणणं.

जुनी_प्रत

चूक तिथेच आहे. दरोडा परत घाला, हवं तर दुसरं काही कापा.

या प्रवेशातली गंमत थापेत नाही, पडताळणीत आहे. गॅड्सहिल या जागी फॉल्स्टाफच्या टोळीवर दोघांनीच झडप घातली, हे प्रेक्षकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल तरच तो 'चार' ऐकताना मनातल्या मनात 'दोन' म्हणतो. पॉइन्सनं येऊन सांगितलं की ती झाली ऐकीव माहिती, आणि या नाटकात ऐकीव माहितीला काडीची किंमत नाही. दरोडा चार मिनिटांत बसतो. चौघं मिळून प्रवाशांना लुटतात आणि बांधतात, वाटणीला बसतात, बकरमचे झगे चढवलेले हॅल आणि पॉइन्स येतात, पळापळ, लूट जागेवरच. घोडा लपवण्याची गंमत आणि फॉल्स्टाफची धाप कापली तरी चालेल, जीवावर येईल एवढंच.

आता आकडे. माझा अंदाज, खर्ड्यात तुम्ही थेट 'दोन'पासून सुरुवात केली आहे. मूळ क्रम वेगळा आहे. आल्याआल्या तो म्हणतो, आम्हा गरीब चौघांवर शंभर जण. मग, डझनभरांशी दोन तास तलवारीला तलवार भिडवून होतो. लुटलेल्या प्रवाशांचा हिशेब सांगताना साथीदार 'डझनभर' म्हणतो, तर हा मधेच 'निदान सोळा' करतो. सगळ्यांशी लढलास का विचारलं, तर पन्नासांशी लढलो नसेन तर मी मुळ्याची जुडी, आणि त्याच दमात बावन्न-त्रेपन्न. इतकं झाल्यावर, कुणाला ठार तर नाही ना केलंस, असा प्रश्न येतो. उत्तर: ते आता प्रार्थनेच्या पलीकडे गेलं, दोघांना तर नक्कीच संपवलं, बकरम घातलेले दोन बदमाश.

शंभर, बारा, पन्नास, त्रेपन्न आणि मग दोन. म्हणजे थाप वर-खाली होत होत खऱ्या आकड्यावर येऊन टेकते आणि तिथून पुन्हा चढते: चार, सात, नऊ, अकरा. वर केंडल ग्रीन कापडातले आणखी तीन, तेही पाठीमागून. ती आधीची बाजू कापलीत की उरतो तो फक्त चढता पाढा. तुमच्या नटाचा दोष नाही.

दुसरं म्हणजे आकडे कोण मोजतं ते पाहा. फॉल्स्टाफ मोजत नाही. तो पवित्रा दाखवतोय: मी असा उभा, टोक असं धरलेलं, आणि चौघं अंगावर. लक्ष सगळं तलवारीत. आकडा वाक्यात सहज पडतो, 'भाजी आणली' म्हणावं इतका सहज. जोर देतो हॅल: चार? आत्ता तर दोन म्हणालास! फॉल्स्टाफ: चारच, हॅल, चारच म्हणालो. आणि पॉइन्स वर साक्ष देतो, हो हो, चारच म्हणाला. हे खतपाणी विसरू नका. दोघांना थाप हवीच आहे. अंक १, प्रवेश २ मध्ये पॉइन्सनं भाकीत केलेलं असतं की रात्री जेवणाला हा निदान तीस जणांशी लढल्याचं सांगेल. फॉल्स्टाफनं आकड्यावर जोर दिला की हॅलला करायला काही उरत नाही. तालमीत एकदा फॉल्स्टाफच्या सगळ्या आकड्यांवरचा जोर काढून टाका आणि हॅलच्या आधी अर्धा श्वास ठेवा. तेवढ्यानं निम्मं काम होईल.

आणि हॅलचं शेवटचं वाक्य, दोनाचे अकरा झाले, ते हशाच्या आधी यायला हवं. हशा ओसरल्यावर आलं तर ती टीप होते.

पडद्यामागे

पोटाचं माप खुद्द त्यानंच दिलंय, 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'च्या पहिल्या अंकात: कंबर दोन यार्ड. म्हणजे ७२ इंच, १८३ सेंटिमीटर. अर्थात तिथे ती कोटी आहे, टेलरचं माप नव्हे. पण हिशेब करून बघा. नटाची कंबर ३६ इंच असेल तर घेर दुप्पट करायला चारी बाजूंनी जवळपास पावणेसहा इंच भर लागते. सगळीकडे सारखी घातलीत तर माणूस न होता पिंप होतं. पुढे नऊ-दहा, बाजूंना चार, पाठीला एक-दोन, अशी वाटा. एवढं करूनही ७२ भरणार नाहीत. हरकत नाही, ६० इंचांनाही छोट्या रंगमंचावर पुरेसा लठ्ठ दिसतो.

नेहमी चुकतं ते असं. उशी बांधली जाते पोटावर, हात आणि मान तशीच काटकुळी. दंड, मांड्या, मान यांनाही थोडी भर द्या, नाहीतर ती उशीच दिसते. दुसरं, नुसता फोम हलका असतो, त्यामुळे नट टुणकन उठतो. पोटाच्या खालच्या कडेला आतून वजनाच्या छोट्या पिशव्या शिवा, एकूण दोन-अडीच किलोंच्या, म्हणजे चालताना पोट अर्धं पाऊल मागून येतं. सगळा भार खांद्यांवर टाकू नका. पाठीवर फुलीसारखे आणि कमरेला रुंद असे पट्टे लावा. काखा उघड्या ठेवा, घाम तिथून सुटतो. पहिल्या तालमीपासून घालूनच सराव करा. शेवटच्या आठवड्यात दिलंत तर बसणं, उठणं, वाकणं सगळं नव्यानं शिकावं लागेल.

ज्या जागेसाठी हे सगळं करायचं ती पाचव्या अंकात आहे. श्रूजबरीच्या लढाईत बंडखोर डग्लससमोर तो मेल्याचं सोंग घेऊन पडतो. हॅल येऊन त्याच्याकडे बघत निरोपाचे शब्द बोलतो आणि जाताना म्हणतो, तुझं पोट फाडून मसाले भरायची व्यवस्था करतो. उताणं पडलेल्या माणसाच्या खोट्या पोटावर श्वास दुप्पट दिसतो. लपवू नका. हॅलचं तोंड दुसरीकडे असताना एकदा वर-खाली होऊ द्या, प्रेक्षकांना ते हॅलच्या आधी कळतं. आणि 'पोट फाडतो' ऐकून तो उठतो, ते उठणं सावकाश. आधी एक डोळा.

तलवार: तो म्हणतो, करवतीसारखे दाते पडलेत. नंतर टोळीतला पेटो सांगून टाकतो की खंजिरानं ठोकून दाते यानंच पाडले. त्यासाठी वेगळी तलवार ठेवा. टोकाकडच्या एक तृतीयांशात कानशीनं खाचा पाडा, धारेची कूस घासून काढा, नाहीतर कपड्यात अडकते आणि बोट कापतं. या तलवारीनं लढाई अजिबात करायची नाही, खाच असलेलं पातं तिथेच मोडतं. अंगरख्याला आठ भोकं आणि खालच्या कपड्यांना चार, हेही त्याच्याच भाषणात आहे, आधीच पाडून ठेवा. टोळीतलाच बार्डॉल्फ पुढे कबूल करतो की टोकदार गवतानं नाकं खाजवून रक्त काढायला लावलं आणि ते कपड्यांना फासलं. म्हणून डाग नाकाखाली आणि छातीवर हवेत, बाजूला नकोत. एवढं बारीक कुणी बघत नाही म्हणाल, पण कबुलीच्या वेळी बघतात.

हिशेबनीस

शब्दांबद्दल.

बकरम ठेवा. मराठीत तो शिंप्याकडे रोज वापरला जातो, कॉलरीत घालतात ते कडक कापड. तेव्हाचा बकरम म्हणजे खळ किंवा डिंक लावून ताठ केलेलं जाडंभरडं कापड. हॅल आणि पॉइन्सनं ओळखीचे कपडे झाकायला त्याचे झगे शिवलेले असतात. म्हणून फॉल्स्टाफ जितक्या वेळा 'बकरम' म्हणतो तितक्या वेळा तो समोर बसलेल्या दोघांचंच वर्णन करतोय. शब्द बदललात की हा धागा तुटतो. दरोड्यात त्या झग्यांचा करकर आवाज येऊ द्या, म्हणजे पुढे नुसत्या शब्दानंही आठवण होते.

केंडल ग्रीन म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या केंडल गावचं हिरवं जाड लोकरी कापड. 'हिरव्या डगल्यातले तिघं' पुरेल, कारण मुद्दा रंगाचा आहे: इतका अंधार होता की स्वतःचा हात दिसत नव्हता, मग हिरवा रंग कसा दिसला? तिथे हॅल कारण मागतो आणि फॉल्स्टाफ म्हणतो, कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी बळजबरीनं मागितल्यावर एकही देणार नाही. मूळ इंग्रजीत 'कारण' आणि 'मनुका' यांचे उच्चार तेव्हा जवळजवळ सारखे होते, कोटी त्यावर आहे. आजच्या इंग्रजी प्रेक्षकालाही ती ऐकू येत नाही. मराठीत तिच्यामागे धावू नका, 'बोरांसारखी ढीगभर' म्हणा आणि पुढे चला.

सॅक म्हणजे स्पेनकडून येणारी पांढरी, कडक वाइन, शेरीची पूर्वज. 'दारू' म्हटलंत तर बिलाची गंमत जाते. एकदा 'स्पॅनिश सॅक' म्हणा, मग नुसतं 'सॅक'.

बिल मात्र मूळ आकड्यांत ठेवा, प्लीज. शेरीफ येऊन गेल्यावर फॉल्स्टाफ पडद्याआड घोड्यासारखा घोरत असतो आणि त्याच्या खिशातून कागद निघतो. कोंबडा २ शिलिंग २ पेन्स. रस्सा ४ पेन्स. सॅक २ गॅलन, ५ शिलिंग ८ पेन्स. जेवणानंतर अँचोव्ही आणि पुन्हा सॅक, २ शिलिंग ६ पेन्स. पाव, अर्धी पेनी. १२ पेन्सचा शिलिंग धरून बेरीज १० शिलिंग साडेआठ पेन्स, म्हणजे एकशे साडेअठ्ठावीस पेन्स. तेव्हा लंडनच्या नाट्यगृहात उभं राहून नाटक बघायला १ पेनी लागायची. या एका बिलात १२८ माणसं आत गेली असती आणि उरलेल्या अर्ध्या पेनीत पाव आला असता. वाचणाऱ्यानं सगळ्या ओळी एका लयीत वाचाव्यात, 'पाव' आधी नुसता वाचावा, रक्कम नंतर. दोन गॅलन म्हणजे साधारण साडेसात लिटर, हे सांगायची गरज नाही, पण टेबलावर तेवढे सुरया दिसू द्यात.

मार्क हे नाणं नव्हे, हिशेबाचं एकक: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. अंक ३, प्रवेश ३ मध्ये तो कांगावा करतो की गुत्त्यात खिसा कापला, आजोबांची ४० मार्कांची मोहोरेची अंगठी गेली, म्हणजे पावणेसत्तावीस पौंडांच्या आसपास. हॅल म्हणतो, ती तांब्याची होती. खिशात काय होतं ते प्रेक्षकानं पाहिलंय: बिलं. इथेही दरोड्याचंच सूत्र आहे, आधी दाखवा, मग थाप मारू द्या.

जुनी_प्रत

@हिशेबनीस, 'तेवढे सुरया' नव्हे, 'तेवढ्या सुरया'. सॅकचा परिणाम दिसतोय. बाकी शब्दशः सहमत.

तिसरी_घंटा

सगळ्यांना धन्यवाद. दरोडा परत घेतला. मग ४५ मिनिटं भरतात कशी? आणि भित्रेपणाचं राहिलंच.

विंगेतून

मिनिटांचा ढोबळ अंदाज: पहिल्या भागातून ओळखीचा प्रवेश (१.२) ६, दरोडा ४, गुत्ता १८, सैन्यभरतीचं स्वगत (४.२) ३, 'मान म्हणजे काय' (५.१) २, लढाई ६. दुसऱ्या भागातून फक्त शेवट (५.५), ५. झाली ४४. गुत्त्याचा प्रवेश पाचशेच्या वर ओळींचा आहे, १८ मिनिटांत बसवायला सुरुवातीचा फ्रान्सिस वेटरचा खेळ पूर्ण काढावा लागेल. नाटकातलं नाटक, म्हणजे हॅलचा राजापुढे, बापापुढे उभं राहायचा सराव, मात्र अख्खं ठेवा: खुर्चीचं सिंहासन, खंजिराचा राजदंड, उशीचा मुकुट. आधी फॉल्स्टाफ राजा होतो, मग हॅल त्याला खुर्चीवरून उतरवून स्वतः बसतो. फॉल्स्टाफ युवराज होऊन स्वतःचीच वकिली करतो: पेटोला हाकल, बार्डॉल्फला हाकल, पॉइन्सला हाकल, पण जाड्या जॅकला हाकललंस तर सगळं जगच हाकललंस. हॅलचं उत्तर मुळात चार शब्दांचं आहे, मराठीत दोनच: 'हाकलतो. हाकलणारच.' पहिला राजाच्या आवाजात, दुसरा स्वतःच्या. आणि लगेच बार्डॉल्फ धावत येतो, शेरीफ दारात आलाय. मधला थांबा दोन श्वासांच्या वर नको. ताणलात तर सगळ्यांना कळलं असं होतं, आणि फॉल्स्टाफला कळलेलं चालत नाही.

भित्रा? संहितेत दोन पुरावे आहेत. एक, १५९८च्या क्वार्टोतली, म्हणजे तेव्हाच्या छापील प्रतीतली, दरोड्याची रंगसूचना: बाकीचे सगळे पळतात, आणि फॉल्स्टाफ एक-दोन वार करून मग पळतो. नुसता पळत नाही, एक-दोन वार करतो. दुसरा, पॉइन्स आधीच सांगतो की त्यातले दोघं हाडाचे भित्रे आहेत, आणि टोळीतला तिसरा, म्हणजे फॉल्स्टाफ, शहाणपणाला पटेल त्याहून जास्त वेळ लढला तर मी शस्त्र सोडेन. म्हणजे त्याला माहीत आहे की हा वेगळ्या जातीचा आहे. १७७७ साली मॉरिस मॉर्गननं फॉल्स्टाफ भित्रा नाहीच असा अख्खा निबंध लिहिला. मला तो जरा वकिली वाटतो, पण नटाच्या कामाचा आहे. भित्रा माणूस थरथरतो, आणि थरथरणारा फॉल्स्टाफ दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो.

नटाला सांगा: हा घाबरत नाही, भाव करतो. लढाईआधी हॅल त्याला म्हणतो, देवाचं एक मरण देणं लागतोस. तो म्हणतो, मुदत अजून भरलेली नाही, तारखेआधी फेडायची मला हौस नाही. आणि तिथूनच मानाचा हिशेब सुरू होतो: मान तुटलेला पाय बसवतो का? नाही. हात? नाही. जखमेचं दुखणं थांबवतो? नाही. मग मान म्हणजे काय? एक शब्द. शब्दात काय? हवा. कुणाकडे आहे? बुधवारी मेला त्याच्याकडे. हे प्रश्न दुकानात माल तपासावा तसे विचारायचे, तत्त्वज्ञ होऊन नव्हे. चालही तीच, घाई नसलेल्या गिऱ्हाइकाची.

हिशेबनीस

भरतीचं स्वगत ३ मिनिटांत उरकू नका. तिथे तो पहिल्यांदा न आवडायला हवा.

राजाच्या नावानं सक्तीची भरती करायचा परवाना हातात आहे. तो मुद्दाम खात्यापित्या घरचे पकडतो: जमीनदार शेतकऱ्यांची पोरं, लग्नाच्या घोषणा दोनदा झालेले नवरदेव. ते पैसे देऊन सुटतात. १५० शिपायांच्या बदल्यात तीनशेवर काही पौंड, हे आकडे त्याच्याच तोंडचे. म्हणजे माणशी २ पौंडांहून जास्त. त्यांच्या जागी तुरुंगातून सुटलेले, काढून टाकलेले नोकर, चिंध्यांतली माणसं. अख्ख्या कंपनीत दीड सदरा, आणि त्यातला अर्धा म्हणजे दोन रुमाल एकत्र टाचलेले. हॅल म्हणतो, काय ही दशा. उत्तर: बंदुकीचं खाद्य आहे, खड्डा भरायला चांगल्यांइतकेच कामाचे. लढाईत तो सांगतो की दीडशेतले तीनही जिवंत नाहीत.

नाटकाचा काळ १४०३ चा, पण भरतीतली ही लूट शेक्सपिअरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरची होती, १५९०च्या दशकातल्या कप्तानांची. 'दीड सदरा'वर हशा येईल, येऊ द्या. 'खड्डा भरायला' त्याच सुरात, त्याच वेगात बोलला तर हशा अर्ध्यावर तुटतो. नटानं तिथे स्वतःहून गंभीर व्हायचं नाही. झाला तर फुकट जातं.

शक्य असेल तर दुसऱ्या भागातले (३.२) भरतीला धरलेल्या मोल्डी आणि बुलकाफ यांचे लाच देण्याचे चार संवाद इथे जोडता येतील. दोघांच्या बोलीची बेरीज वरवर ४ पौंड होते, बार्डॉल्फ मालकाला सांगतो ३. बुलकाफच्या जुन्या नाण्याचा भाव निम्मा झाला होता असं धरलं तर हिशेब जुळतो. नाहीतर एक पौंड बार्डॉल्फच्या खिशात. रंगमंचावर दुसरं सोपं: पैसे मोजताना एक नाणं अंगठ्याखाली.

पडद्यामागे

लढाईत बाटली विसरू नका. हॅल तलवार मागतो, फॉल्स्टाफ त्याऐवजी पिस्तूल देऊ करतो आणि म्हणतो, गरम आहे, शहर उद्ध्वस्त करेल असं आहे आत. म्यानातून निघते सॅकची बाटली. हॅल ती भिरकावतो. बाटली प्लास्टिकची हवी, झाकण घट्ट, आत पाणी नको.

हॅलनं मारलेल्या बंडखोर हॉटस्परला पाठीवर घेऊन येणं: रंगसूचना तशी आहे, पण भर घातलेल्या नटाला खाली वाकून प्रेत उचलता येत नाही, कंबर धरते. हॉटस्परचा नट पाठीवरच्या पट्ट्यांना स्वतः धरून लटकतो आणि पायांनी जमिनीवर अर्धा भार घेतो. प्रकाश त्यांच्या पायांवर नको. बाकाच्या उंचीवर पडलेला असेल तर काम आणखी सोपं. त्याआधी फॉल्स्टाफ मेलेल्या हॉटस्परच्या मांडीत तलवार खुपसतो, ती नटाच्या प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला, जमिनीत. आणि मग ती थाप, याला मीच मारलं: श्रूजबरीच्या घड्याळाप्रमाणे आम्ही तासभर लढलो.

शेवटची_रांग

अवांतर, पण विचारतील म्हणून. आधी या पात्राचं नाव ओल्डकासल होतं. सर जॉन ओल्डकासल हा खरा माणूस, १४१७ मध्ये धर्मद्रोही म्हणून मारला गेला. त्याच्या बायकोच्या वंशातले लॉर्ड कोबम दरबारात वजनदार, नाव बदलावं लागलं. दुसऱ्या भागाच्या उपसंहारात चक्क खुलासा आहे की ओल्डकासल हुतात्मा होता आणि हा तो नव्हे. खुणा तरी राहिल्याच. पहिल्या भागात हॅल त्याला 'गढीच्या गड्या' अशा अर्थाची हाक मारतो, ती जुन्या नावावरची कोटी. मराठीत सोडून द्या, कळणार नाही.

'मेरी वाइव्ह्ज'मधलं काही जोडायचा मोह होईल, मळक्या कपड्यांची टोपली वगैरे. नको. तिथला फॉल्स्टाफ फसतो. इथला पकडला जातो आणि सुटतो. एका प्रयोगात दोन माणसं होतील.

त्याचं मरणही नको. ते 'हेन्री पाचवा'त आहे (२.३), आणि तिथे तो रंगमंचावर येतच नाही, गुत्त्याची मालकीण सांगते: बारा आणि एकच्या मधे, ओहोटी लागताना गेला. सुरेख आहे, पण ते तिच्या नटीचं आहे, तुमच्या नटाचं नाही.

तिसरी_घंटा

पटलं. आता एकच. शेवटच्या प्रवेशात राजा म्हणतो, 'म्हाताऱ्या, मी तुला ओळखत नाही.' पडदा तिथे पाडू का? आणि हॅल राजा झाल्यावर फॉल्स्टाफनं 'तू' म्हणावं की 'आपण'?

जुनी_प्रत

'तू' म्हणावं, तीच त्याची चूक. ग्लॉस्टरशरहून रात्रंदिवस घोडा पिटत तो आलाय, कपडे मळलेले, आणि राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत सगळ्या दरबारासमोर ओरडतो, 'देव तुझं भलं करो, किंग हॅल! माझ्या राजा, माझ्या हॅल!' पदवी आणि टोपणनाव एका श्वासात. मुख्य न्यायाधीश त्याला विचारतात, शुद्धीवर आहात का, कुणाशी बोलताय कळतंय का. राजाही उत्तरात 'तू'च वापरतो. पहिल्या प्रवेशापासून दोघं एकमेकांना अरे-तुरे करत असतील तर इथला 'तू' आपोआप वेगळा ऐकू येईल. मात्र मधे कुठेही फॉल्स्टाफला 'आपण' म्हणू देऊ नका, फक्त नाटकातल्या नाटकात, जिथे तो खोटा युवराज होतो तिथे म्हणू दे.

पडदा तिथे पाडू नका. राजाचं बोलणं पुढेही आहे: दहा मैलांच्या आत फिरकायचं नाही, पोटापुरतं देऊ. मिरवणूक निघून जाते. फॉल्स्टाफच्या शेजारी ग्लॉस्टरशरचा म्हातारा शॅलो उभा आहे, ज्यानं याच दिवसाच्या भरवशावर त्याला पैसे उसने दिलेत. फॉल्स्टाफ कोसळत नाही, स्वतःबद्दल एक शब्द काढत नाही. तो शॅलोकडे वळून म्हणतो, 'मास्टर शॅलो, मी तुमचे हजार पौंड देणं लागतो.'

हे वाक्य बिल वाचलं त्याच सुरात. शॅलो म्हणतो, हो ना, ते घरी घेऊन जाऊ द्या मला. फॉल्स्टाफ: ते कठीण दिसतंय. आणि मग सांगतो की राजा आत बोलावून घेईल, हे जगाला दाखवायला केलं, रात्री निरोप येईल. त्याचा विश्वास आहे की नाही ते नटानं ठरवावं, आम्हाला सांगू नये. शॅलो विनवतो, हजारातले निदान पाचशे तरी. दिवे तिथे घालवा, शॅलोचा हात पुढे असतानाच.